शून्य नंबरचा पडदा

“त्यास्नी कळता कामा नये, नंदू,” पारूकाकी म्हणाल्या. “पोरीच्या डोक्यावर अक्षता पडूस्तोवर तरी नको.”

जिन्याखालच्या माझ्या खोलीच्या दारात काकी उभ्या होत्या. हातात आप्पांचा जेवणाचा डबा. एरवी त्या डबा घेऊन थेट वर रेकॉर्ड रूमला जायच्या. आज आधी माझ्याकडं आल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“डॉक्टरबाई काय म्हणाल्या?”

“तुकडा तपासायला पाठवलाय म्हणाल्या. पण फोटो बघून त्यांचं तोंड उतरलं ते मी बघितलंय की. रिपोर्ट बुधवारी यायचा हाय. आणि सुवर्णाचं लगीन त्याच्या पुढच्या शनिवारी. आता तूच सांग, मी काय करू?”

मी काय सांगणार? मी पडलो कॉम्प्युटरवाला. विट्यातल्या साठ खाटांच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेटवर्क, प्रिंटर, डॉक्टरांचे मोबाईल, जे जे बंद पडेल ते ते माझं. ही गोष्ट दोन हजार अकराची. सगळा कारभार एका लिनक्स सर्व्हरवर चालायचा आणि तो मी एकट्यानं बसवला होता. त्याचा मला लई गर्व होता. आता लाज वाटते, पण होता.

धोंडीराम शितोळे, म्हणजे पारूकाकींचे मालक आणि सगळ्यांचे आप्पा, रेकॉर्ड रूम सांभाळायचे. त्याआधी बावीस वर्षं ते कोइमतूरला गलाईच्या धंद्यात होते. आमच्या भागातली माणसं देशभर पांगलीत ती सोनं गाळायला. भट्टी आणि ॲसिडचा धूर, दुसरं काही नाही. आप्पा परत आले ते खोकला घेऊनच. शिक्षण सातवी. पण नऊ वर्षं रोज रिपोर्ट फाईलला लावून लावून तयार झालेला माणूस. ‘मॅलिग्नंट’ हा कॅन्सरचा शब्द नव्या नर्सला अडायचा, आप्पा तो हातभर लांबून ओळखायचे आणि ती फाईल हळूच वेगळ्या कप्प्यात ठेवायचे. म्हणायचे, “ही माणसं परत परत येणार. यांची फाईल लगेच हाताला लागाय पाहिजे.”

आता घोटाळा बघा. बाहेरच्या लॅबचे रिपोर्ट सर्व्हरवर यायचे आणि रोज दुपारी बाराला एकगठ्ठा छापले जायचे. छापणारा प्रिंटर रेकॉर्ड रूममध्ये. कागद उचलायचे आप्पांनी, भोकं पाडायची आप्पांनी. आप्पांचा रिपोर्ट निघायचा तो आप्पांच्याच हातात.

“पानावर एक चौकोन असतो,” मी काकींना समजावलं. “त्याच्यात खूण केली की तेवढा रिपोर्ट छपाईला जात नाही, नुसता डॉक्टरबाईंना दिसतो. बुधवारी सकाळी आल्या आल्या मी खूण करतो. तुम्ही अजिबात घोर करू नका.”

“विसरायचा न्हाईस न्हवं?”

“आप्पांचं काम मी विसरेन का, काकी?”

काकींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, “लगीन होऊ दे. पोरगी हसत जाऊ दे, बाप हसत पाठवू दे. मग मीच सांगते त्यास्नी.” आणि पदरानं डोळे पुसून, चेहरा सारखा करून वर गेल्या. वर गेल्या गेल्या त्यांचा हसण्याचा आवाज आला. बायामाणसांना हे कसं जमतं, देव जाणे.

आप्पांचं माझ्यावर प्रेम होतं आणि मी त्यांना उगाच चिडवायचो. सर्व्हर रेकॉर्ड रूममध्येच होता, कारण साऱ्या इमारतीत थंड खोली ती एकच. त्याचा मॉनिटर आप्पांच्या टेबलावर. आप्पांना माऊसचं भारी वावडं. “हा उंदीर तुझा तू सांभाळ” म्हणायचे. म्हणून मी एक सोय केली होती. रोज सकाळी खाली माझ्या खोलीत बसून मी सर्व्हरला एक ओळ लिहून पाठवायचो आणि वर आप्पांच्या मॉनिटरवर आपोआप ब्राउझर उघडून त्यांचं आवडतं वर्तमानपत्र दिसायचं. गंमत कळली का? ब्राउझर चालतो सर्व्हरवर, पण त्याची खिडकी कुठल्या पडद्यावर उघडायची ते आपण सांगायचं. ओळीच्या सुरुवातीला पडद्याचा नंबर लिहायचा. सर्व्हरचा स्वतःचा मॉनिटर म्हणजे शून्य नंबर. नंबर लिहिलाच नाही, तर खिडकी तारेवरून येते आणि तुम्ही जिथं बसलाय तिथं उघडते, मग तुम्ही दिल्लीत का असेनात.

पेपर उघडला की वरून आप्पांची हाक यायची, “आला रं, आला!” तीन वर्षं हा आमचा रोजचा नेम होता.

मंगळवारी माझी रजा होती. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, म्हणून आम्ही कोल्हापूरला. भटजी आले होते, आत पिंडदानाची तयारी चाललेली. अकरा पस्तीसला लॅबमधल्या रियाज मुल्लाचा फोन.

“नंदूदा, तुम्ही उद्याचे रिपोर्ट म्हणाला होता की नाही? ते आजच आलेत. बाराच्या छपाईत जाणार.”

रिपोर्टचं पान फक्त हॉस्पिटलच्या मशीनवरच उघडायचं, बाहेरून नाही. तो नियमही मीच केलेला. पण माझ्याकडं लॅपटॉप होता आणि नेटचं डोंगल होतं. सर्व्हरमध्ये शिरायचं, तिथला ब्राउझर चालू करायचा, त्याची खिडकी इथं मागवायची आणि चौकोनात खूण करायची. पाच मिनिटांचं काम. मेव्हण्याच्या माडीवर, धान्याच्या कणग्यांजवळ मी मांडी घातली. तिथंच काय ती डोंगलला रेंज.

खालून बायको म्हणाली, “अहो, भटजी थांबलेत.”

“दोन मिनिटं.”

सर्व्हरमध्ये शिरलो. आप्पांचा केस नंबर मला पाठ होता. वर जाणाऱ्या बाणाचं बटण दाबलं की आधी लिहिलेली ओळ पुन्हा समोर येते. सगळी नव्यानं टाईप करायला नको. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांची जातच असली आळशी. ओळ आली, ब्राउझर उघडणारीच होती. शेवटचा पेपरचा पत्ता खोडला, रिपोर्टचा पत्ता घातला, बटण दाबलं.

काही दिसेना.

डोंगलचा दिवा लुकलुकत होता. म्हटलं, लाईन मंद आहे, खिडकी यायला वेळ लागणारच. एक मिनिट गेलं, दोन गेली. अकरा बेचाळीस झाले. पुन्हा बाण दाबला, पुन्हा तीच ओळ, पुन्हा बटण. काही नाही. खाली भटजी मंत्र म्हणायला लागले, मेव्हणा हाका मारायला लागला. मी चिडलो आणि तिसऱ्या वेळी ओळ मुळापासून हातानं लिहिली.

या वेळी काहीतरी आलं. हळूहळू, वरून खाली रंगत एक लहानशी चौकट आली. आत लिहिलं होतं : ब्राउझर आधीच चालू आहे.

आधीच चालू आहे? मग दिसत का नाही? कुठं चालू आहे?

आणि मग मी आधीच्या ओळीच्या सुरुवातीकडं बघितलं. बाण दाबून आलेली ती ओळ रोजची, पेपरची ओळ होती. मी शेवट बदलला होता, सुरुवात नाही. सुरुवातीला शून्य तसंच होतं.

विट्यात, आप्पांच्या टेबलावर, रोज पेपर उघडायचा तसा त्यांचा रिपोर्ट उघडला होता. तोही दोनदा.

तिथला ब्राउझर बंद केला. सात मिनिटं तो पडद्यावर होता. मग पुन्हा नव्यानं, बिननंबराचा उघडला, पान माझ्यासमोर आलं, मी खूण केली. अकरा चौपन्न. रिपोर्टमधला शब्द मीही वाचला. डॉक्टरबाईंचं तोंड उगाच उतरलं नव्हतं.

प्रिंटरच बंद करून टाकायचा होतास की, असं आता ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो. परतीच्या एसटीत मलाही ते सुचलं. वेळेला सुचलं असतं तर काय पाहिजे होतं!

मी रेकॉर्ड रूमला फोन लावला. पाच वेळा घंटी वाजली.

“रेकॉर्ड. शितोळे बोलतोय.”

“आप्पा, मी नंदू. काय चाललंय?”

“काय चालणार? चहाला गेलतो खाली. हे आत्ता येतोय बघ, धापा टाकत. जिना काय संपंना झालाय.”

“बराच वेळ गेलता?”

“अर्धा तास झाला असंल. कॅन्टीनचा बाळू बोलत बसतोय, तुला ठाऊक हाय की. का रं?”

“काही नाही. मॉनिटरवर काही आलंय का बघा बरं. मी जरा इथनं खुडबूड करत होतो.”

“काळाकुट्ट हाय. आज पेपरबी न्हाई. सासुरवाडीला गेलास आणि म्हाताऱ्याला विसरलास, व्हय?” आणि आप्पा हसले.

माझ्या जिवात जीव आला. मी तिथंच कणगीला टेकून बसलो. मग काकींना फोन करून सांगितलं, की काम झालं. शून्य नंबरचं काही सांगितलं नाही. आप्पा चहाला गेले होते, मग सांगून उपयोग काय?

लग्न झकास झालं. वांगी गावाकडच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात, बाराच्या मुहूर्तावर. आप्पांनी फेटा बांधला होता आणि तो त्यांना इतका शोभत होता की मी म्हणालो, “आप्पा, नवरदेव कोण ते पाव्हण्यांना कळंना झालंय.” त्यांनी मला पाठीत धपाटा घातला. पंगतीत स्वतः जिलेबीची परात घेऊन फिरले. ज्याच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं, त्या चुलतभावाच्या पानात चार जिलेब्या वाढल्या, त्याला उराशी धरलं. बघणाऱ्यांचे डोळे पाणावले. काकी मांडवाच्या खांबाजवळून माझ्याकडं बघत होत्या. बघ, असं डोळ्यांनीच म्हणत होत्या. आपण दोघांनी मिळून ह्या माणसाला हा दिवस दिला, असं मलाही वाटलं. खरं सांगायचं तर जरा अभिमानच वाटला.

पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत होता. आप्पा तेवढे कोरडे. सुवर्णा पाया पडली, तर त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि बघतच राहिले. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. काकी म्हणाल्या, “सोडा आता. परवा मांडवपरतणीला येणारच हाय न्हवं ती?”

“येईल की,” आप्पा म्हणाले आणि सोडलं.

सुवर्णा माहेरी येऊन सासरी परत गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आप्पांना बोलावलं. काकी शेजारी. जवळचं माणूस असावं म्हणून मलाही बोलावलं. मी दाराशी भिंतीला टेकून उभा. बाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला, आप्पांकडं वळवला. चांगली बाई होती ती, शब्द जपून वापरत होती. गाठ आहे, फुप्फुसात आहे, चांगली नाही, असं सांगत सांगत मग त्यांनी तो शब्द उच्चारला.

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, “म्हणजे काय असतंय ओ, बाई?”

काकी हुंदका देऊन रडायला लागल्या. आप्पा त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आगं, बाई सांगत्यात ते ऐकू तरी दे. मला यातलं काय कळतंय?”

मी भिंत सोडून सरळ उभा राहिलो. नऊ वर्षं त्या शब्दाची फाईल वेगळ्या कप्प्यात ठेवणारा माणूस त्याचा अर्थ विचारत होता. समोर रिपोर्ट पडला होता आणि त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. कशाला बघतील? वाचलेलाच कागद होता तो.

काकींना बाईंपाशी बसवून आप्पा रेकॉर्ड रूममध्ये आले, रजिस्टर उघडून बसले. मी मागनं गेलो.

“आप्पा, तुम्ही त्या दिवशी चहाला गेला नव्हता.”

“बस.”

“गेला नव्हता ना?”

“बस म्हणतोय न्हवं.” मी बसलो. आप्पांनी रजिस्टर मिटलं. “काय झालं सांगू का? खिडकी उघडली तवा मला आनंद झाला बघ. म्हटलं, रजेवर असूनबी पोरानं आपला पेपर लावला. चष्मा घातला. बघतोय तर वर माझंच नाव.”

“आप्पा...”

“थांब, बोलू दे मला. खाली वाचलं. म्हटलं, चुकून झालं असंल. तवर परत दुसऱ्यांदा तेच उघडलं. मग वाटलं, न्हाई, ह्यो पोरगा मला सांगायलाय. तोंडानं सांगायचा धीर न्हाई, म्हणून असं सांगायलाय. बरं वाटलं रं मला. कुणीतरी खरं सांगतंय म्हणून बरं वाटलं.” आप्पा थोडं खोकले. “मग गपकन सगळं काळं झालं. आणि तुझा फोन आला. तुझा आवाज ऐकला आणि कळलं की लेका, तुझी चूक झालीया.”

मी रडायला लागलो. एकतीस वर्षांचा बाप्या, आप्पांच्या टेबलावर डोकं ठेवून रडलो. ते माझ्या डोक्यावर टपल्या मारत राहिले, लहान पोराला झोपवतात तशा.

“मग मला का नाही सांगितलंत? चहाला गेलो म्हणून का म्हणालात?”

“तू रातभर झोपला असतास का?” ते म्हणाले. “आणि पारूनं सगळं ठरवलंय ते दिसतच होतं की. तिनं रोज माझ्यापुढं हसायचं, न्हाणीत जाऊन रडायचं. मी पाण्याचा आवाज ऐकायचा. तिला वाटायचं, मला काय ठाऊक न्हाई. मग मीबी हसायचं. तिनं एवढं केलं ते वाया कसं जाऊ देऊ?” मग म्हणाले, “पाठवणीला तेवढं अवघड गेलं. एक टिपूस जरी काढला असता न्हवं, तर थांबलोच नसतो. पारूनं लगेच ओळखलं असतं. म्हणून दात खाऊन उभा राहिलो.”

“काकींना सांगूया. आता तरी सांगूया.”

“अजिबात न्हाई.” तीन वर्षांत आप्पांनी माझ्यावर आवाज चढवला तो तेवढाच. “तिला ते दोन आठवडे पुरायचेत. मी गेल्यावर तिच्यापाशी दुसरं काय हाय? तुला माझी आण हाय, नंदू. कुणाला सांगायचं न्हाई. सुवर्णालाबी न्हाई.”

मी ‘बरं’ म्हणालो.

आप्पा पाच महिन्यांनी गेले. मीही पुढं ते हॉस्पिटल सोडलं, सांगलीला आलो. पण त्यांच्या तिथीला दरवर्षी विट्याला जातो. काकी मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत आणि वाढताना दरवर्षी तेच म्हणतात. “दोन आठवडे तरी सुखाचे गेले बघ त्यांचे. काळजीचं एक वारं लागू दिलं न्हाई आपण त्यास्नी. तू होतास म्हणून झालं, बाळा.” मी हो म्हणतो. आणि पुढचा घास घेतो.

यंदा सुवर्णा आली होती, दोन्ही मुलांना घेऊन. जेवणं चालली होती. काकींनी त्यांचं ते वाक्य म्हटलं आणि सुवर्णा वाटीतली खीर ढवळत एकदम म्हणाली,

“सुखात होते तर माझ्या पाठवणीला रडले का नाहीत, आई? सगळ्यांचे बाप रडतात. सासरी गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या होत्या मला, तुझ्या बाबांना सुटल्यासारखं झालेलं दिसतंय. आज इतकी वर्षं झाली, मला ते विसरता येत नाही.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “नंदूदादा, तू त्यांच्याजवळ असायचास. त्यांना काही कळलं होतं का रे तेव्हा?”

एका शब्दाचं काम होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर त्या पोरीला तिचा बाप परत मिळाला असता. काकी हातात तुपाची वाटी घेऊन माझ्या पानाशी वाकल्या होत्या, आणि माझ्याकडंच बघत होत्या.

“त्यास्नी कुठलं कळतंय?” काकी म्हणाल्या. “सांग की रं तिला.”

“नाही गं, सुवर्णा,” मी म्हणालो. “आप्पांना काहीच माहीत नव्हतं.”